भांगेचा कायदेशीर धंदा इंदूरहून करायचा असेल तर शेत नंतर, कारखाना आधी

सांवेर-देपालपूरकडे पाच-दहा एकर जमीन असलेल्यांच्या मनात हल्ली एक विचार हमखास येतो. सोयाबीनमध्ये काही उरत नाही, परदेशात औषधी कॅनाबिसचे (म्हणजे भांग-गांजाच्या झाडाचे) मोठमोठे धंदे उभे राहिलेत, मग आपल्या काळ्या मातीत ते का नको? विचार वाईट नाही. मात्र त्याची सुरुवात बहुतेक जण बियाणं शोधण्यापासून करतात, आणि नेमकं तेच सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. आमचं ठाम मत असं की इंदूरच्या माणसाने या धंद्यात औषधाच्या बाटलीकडून शिरावं आणि शेताकडे मागाहून यावं. त्यामागची कारणं पुढे मांडली आहेत.

आधी कायदा नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवर या क्षेत्रात पैसा तर जातोच, माणूस आतही जातो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात कॅनाबिसची व्याख्या तीन तुकड्यांत आहे: चरस, गांजा आणि त्यांचं मिश्रण. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्यावर किंवा फळावर आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पान आणि बी या व्याख्येबाहेर राहतात. भांगेचे ठेके याच फटीतून कायदेशीर चालतात. पानावर राज्याच्या आबकारी खात्याचा ताबा असतो. पण पान बाहेर आहे म्हणून झाड लावायला मोकळीक आहे असं समजू नका. कलम ८ प्रमाणे परवान्याशिवाय कॅनाबिसचं एकही झाड लावता येत नाही, आणि कलम २० प्रमाणे लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कलम ३५ मुळे 'माझ्या मनात तसं काही नव्हतं' हे सिद्ध करण्याची जबाबदारीही आरोपीवरच येते. कलम ४६ जमीनमालकाला बांधतं: आपल्या जमिनीत बेकायदा लागवड आहे हे माहीत असून कळवलं नाही तर तोही शिक्षेला पात्र. शेत बटाईने किंवा ठेक्याने देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

परवानगीच्या दोन वाटा आहेत. कलम १० खाली राज्य सरकार लागवड, उत्पादन, साठा, वाहतूक या सगळ्याला परवानगी देऊ शकतं, पण त्यातून चरस वगळलेला आहे. कलम १४ खाली फक्त धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीला सूट देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेंपचे (धागा-बियासाठी लावायच्या कमी नशेच्या भांगेचे) परवाने दिले ते या कलम १४ च्या वाटेने, टीएचसी म्हणजे नशा आणणारं द्रव्य ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याच्या अटीवर. ही ०.३ ची रेघ राज्याच्या अटीतली आहे. एनडीपीएस कायद्यात टीएचसीच्या टक्केवारीचा उल्लेखच नाही. झाडात टीएचसी ०.१ टक्का निघाला तरी त्याचा फुलोरा कायद्याच्या लेखी गांजाच राहतो. 'लो टीएचसी आहे म्हणजे कायदेशीर आहे' असं सांगून रोपं विकणारे इंटरनेटवर पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडून काहीही घेऊ नका.

मध्य प्रदेशात २०१९ साली हेंपच्या लागवडीला परवानगी देण्याची घोषणा झाली होती. घोषणा आणि परवाना यांत फार अंतर असतं. राजपत्रातली अधिसूचना, तिच्यातल्या अटी आणि तुमच्या खसरा नंबरावर निघालेला लेखी आदेश हे तिन्ही हातात आल्याशिवाय वाफा करू नये. पुण्या-नाशिकचे नातेवाईक सातबाऱ्याचे सल्ले देतील, पण इथे आपल्याला खसरा आणि बी-१ हे जमिनीचे उतारे लागतात, आणि त्यावर पीक काय नोंदवलंय हे पटवारी गिरदावरीला, म्हणजे पीकपाहणीला, पाहतो. शेतात उभं असलेलं पीक आणि परवान्यातलं क्षेत्र यांत फरक निघाला तर तो शेतकऱ्याच्या अंगावर येतो.

परवान्याचं पीक म्हणजे काय असतं हे बघायचं असेल तर फार लांब जायला नको. मंदसौर-नीमचला अफूचे पट्टे, म्हणजे लागवडीचे परवाने, आहेत. ते देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच ग्वाल्हेरात आहे. तिथला शेतकरी १० आरींसारख्या छोट्या तुकड्यावर पीक घेतो. अधिकारी येऊन क्षेत्र मोजतात. चीर देऊन काढलेल्या अफूसाठी हेक्टरी मॉर्फीनची किमान सरासरी ठरलेली असते, अलीकडे ४.२ किलो, आणि ती गाठली नाही तर पुढच्या वर्षीचा पट्टा धोक्यात येतो. नीलगाय घुसते, पोपट बोंडं खुडून नेतात, म्हणून अख्ख्या शेतावर जाळी ताणावी लागते. गारपीट झाली तरी आधी पंचनामा, मग नांगर. एवढं करून घेणारा एकच, सरकार, आणि भावही त्याचाच. भांगेच्या शेतीची स्वप्नं पाहणाऱ्याने मार्चच्या आधी एकदा तिकडच्या शेतकऱ्यांशी बोलावं. कागदाचा भार किती असतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं. फरक एवढाच की अफूला ठरलेला गिऱ्हाईक आहे. भांगेत तो तुम्हाला उभा करावा लागतो.

म्हणून कारखाना आधी. आयुर्वेदात हेच झाड विजया म्हणून औषधात आहे, पानाचा समावेश आयुर्वेदिक फार्माकोपियात आहे, आणि त्यापासून औषध बनवण्याचा परवाना राज्याच्या आयुष परवाना अधिकाऱ्याकडून फॉर्म २५-डी मध्ये मिळतो. हा रस्ता आज चालू आहे. सांवेर रोड आणि पीथमपूरला औषधांचे कारखाने वर्षानुवर्षं आहेत, त्यामुळे मशीन दुरुस्त करणारा, लेबल छापणारा, दर्जा तपासणारा (क्यूसीचा) केमिस्ट, सगळी माणसं शहरात सापडतात. सोयाबीनच्या शेतातून हा धंदा उभा करणाऱ्याला यातलं काहीच सहज मिळत नाही.

औषध नियमांतल्या शेड्यूल टी प्रमाणे किमान १२०० चौरस फूट बंदिस्त जागा लागते, कामाकामाला वेगळे कप्पे करून. आयुर्वेदाची पदवी असलेला एक तरी पूर्णवेळ तांत्रिक माणूस नोकरीवर हवा. नावापुरता कागदावर ठेवलेला वैद्य पहिल्याच तपासणीत उघडा पडतो. भांग शेड्यूल ई(१) मध्ये, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे (बी सोडून), त्यामुळे पोटात घ्यायच्या औषधाच्या लेबलवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. स्वतःच्या नावाचं नवं मिश्रण काढलंत तर नियम १५८-ब खाली सुरक्षिततेचा अभ्यास द्यावा लागतो. त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मान्य ग्रंथांतला पाठ जसाच्या तसा, त्याच रोगासाठी केलात तर हा खर्च वाचतो. जातीफलादि चूर्ण, त्रैलोक्यविजया वटी, मदनानंद मोदक हे भांगेचे जुने पाठ आहेत. पहिलं उत्पादन यांतलं घ्या, आणि नव्या ब्रँडची हौस दुसऱ्या वर्षी करा.

तेल काढण्याच्या बाबतीत मात्र घाई अजिबात करू नका. कायद्यात चरसची व्याख्या फार रुंद आहे. कोणत्याही रूपात वेगळी काढलेली राळ, कच्ची किंवा शुद्ध, शिवाय हशीश ऑइल म्हणून ओळखला जाणारा संहत पदार्थ हे सगळं तिच्यात मोडतं. आणि कलम १० मधून चरस वगळलेला आहे हे वर आलंच. पानातून इथेनॉलने अर्क काढून तो आटवला की हा पदार्थ नेमका कोण, यावर तुमचा वकील आणि समोरचा सरकारी वकील यांचं एकमत होईलच असं नाही. बाजारात असे अर्क परवान्यावर विकले जातात हे खरं. तरीही आमचा आग्रह असा की अर्काच्या वाटेला जायचं तर उत्पादनाचं नाव, प्रक्रिया, द्रावक आणि अंतिम प्रमाण परवान्याच्या कागदात स्पष्ट लिहून घ्या, फौजदारी वकिलाचं लेखी मत फाईलला लावा, आणि इथेनॉलची आबकारी परवानगी वेगळी काढा. चूर्ण, वटी, घृत यांत राळ वेगळी होतच नाही, म्हणून सुरुवातीला तेच बरं.

शोधन, म्हणजे औषधात घालण्याआधी पान शुद्ध करणं, हा या कामातला सगळ्यात हलका समजला जाणारा आणि बॅच बिघडवणारा टप्पा. सुकं पान फडक्याच्या पोटलीत बांधून पाण्यात भिजवतात, मग धुतात. पहिलं पाणी गडद हिरवट-तपकिरी निघतं, दुसरं फिकट, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवायचं. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे धुण्याने जाते ती माती, रंग आणि पाण्यात उतरणारी बाकीची द्रव्यं. नंतर पान सावलीत पूर्ण वाळवून गाईच्या तुपावर मंद आचेवर परततात. या आचेवर टीएचसीए नावाच्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होतो, म्हणजे औषधाची ताकद कढईत ठरते. एका कढईला आच जास्त, दुसरीला कमी, असं झालं की एकाच नावाच्या दोन बॅचचं मोजमाप जुळत नाही. कढईत थर्मामीटर, घड्याळ, पानाचं आणि तुपाचं वजन, हे चार आकडे प्रत्येक वेळी बॅच कार्डावर लिहा. ओलं पान परतायला घेतलं तर ते भाजण्याऐवजी वाफेत शिजतं, तुपाला वास येतो आणि चूर्णाला पुढे बुरशी धरते.

कच्चं पान कुठून आणायचं? परवानाधारक पुरवठादाराकडून, आबकारी पासवर. राज्याच्या आबकारी आयुक्तांचं कार्यालय ग्वाल्हेरच्या मोती महालात आहे. इंदूरला जिल्ह्याचं आबकारी कार्यालय आधी गाठावं लागतं. परराज्यातून आणायचं तर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही राज्यांच्या परवानग्या हव्यात. गोणी उघडली की पहिलं काम नाकाचं आणि हाताचं. मूठभर पान पांढऱ्या कागदावर पसरा. त्यात चिकट, दाट, छोट्या पात्यांचे गुच्छ दिसले तर शेंडे मिसळलेत. ही गोणी त्याच वेळी पंचासमोर बाजूला करून पुरवठादाराला लेखी परत करायची, कारण शेंडे सोबत आले की ते पान राहत नाही. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत आणि व्यापारी मात्रा २० किलोंच्या वर धरतात. गोणीभर माल सहज व्यापारी मात्रेत जातो, आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. पुरवठादाराशी कितीही ओळख असली तरी गोणी तपासल्याशिवाय आत घेऊ नये.

त्यानंतर लॅब. शिसं १० पीपीएम, कॅडमियम ०.३, आर्सेनिक ३, पारा १, या आयुर्वेदिक कच्च्या मालाच्या मर्यादा आहेत. भांगेचं झाड जमिनीतले जड धातू भराभर ओढतं, त्यामुळे कॅडमियमवर मार खाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कारखान्यांच्या सांडपाण्यावर भिजणारी नाल्याकाठची जमीन या पिकासाठी कामाची नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेची असावी, आणि हा माल स्वीकारायची तिला परवानगी आहे का हे नमुना पाठवण्याआधी लेखी विचारा. नुसता कुरिअरने पाठवलेला नमुना हीसुद्धा वाहतूकच आहे.

रिपोर्ट वाचताना एक हिशेब यायलाच हवा. एचपीएलसी मशीन टीएचसी आणि टीएचसीए वेगळे दाखवतं. एकूण टीएचसी म्हणजे टीएचसी अधिक टीएचसीए गुणिले ०.८७७. समजा टीएचसी ०.०५ टक्के आणि टीएचसीए ०.३० आलं, तर एकूण ०.०५ अधिक ०.२६३, म्हणजे ०.३१३. डोळ्यांना ०.०५ दिसतं, पण उत्तराखंडच्या रेघेवर हा माल नापास. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापतो, आम्लाचं रूपांतर मशीनमध्येच होतं आणि आकडा एकूणच येतो, त्याला पुन्हा गुणायचं नाही. पद्धत न विचारता दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवले की भांडणं सुरू होतात.

आता शेताकडे. कारखाना चालू लागला, पान कुठल्या दर्जाचं लागतं हे हाताला कळलं, की मग उत्तराखंडसारख्या परवाना देणाऱ्या राज्यात करार करून लागवड करणं शहाणपणाचं. माळव्यात पुढेमागे परवाना खुला झालाच तर काय अडेल हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण बियाणं विकणारा सांगणार नाही.

पहिली अडचण दिवसाच्या लांबीची. हे झाड दिवस लहान झाला की फुलतं. इंदूरला २१ जूनलाही दिवस साधारण साडेतेरा तासांचाच असतो. युरोपातली नामांकित हेंप वाणं पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांसाठी तयार झालेली आहेत. ती इथे पेरली की उगवतात आणि गुडघाभर होण्याच्या आतच फुलायला लागतात. ना धागा, ना पान, ना बी. परदेशी बियाण्याला प्लँट क्वारंटाइनचा आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो सगळा खटाटोप करून शेवटी हेच पदरात पडतं. आपल्या अक्षांशांच्या आसपास टिकलेलं वाण, आणि त्याचा सलग दोन-तीन हंगामांचा टीएचसीचा रिपोर्ट, या दोन गोष्टी मिळाल्याशिवाय एकरी पेरणी करू नये. जम्मूची सीएसआयआरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या पिकावर परवान्याने संशोधन करते. अशा संस्थेशी पत्रव्यवहार आधी, बियाण्याच्या वेबसाइटी नंतर.

दुसरी अडचण आपल्या लाडक्या काळ्या मातीची. कोवळ्या रोपाला साचलेलं पाणी दोन दिवसही चालत नाही. पानं पिवळी, मूळ कुजकं, आणि ओळीच्या ओळी आडव्या. सोयाबीनसाठी वापरतो ती गादी-सरी पद्धतच इथे हवी. बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं आणि वर पपडी धरली तर ते उगवतच नाही. बियाच्या पिकाला हेक्टरी २० ते ३० किलो बियाणं लागतं, धाग्यासाठी दाट पेरतात, ४० ते ६० किलो.

तिसरी, परागांची. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. चार-सहा आठवड्यांच्या झाडावर पेराजवळ बारकाईने पाहिलं तर नराला देठावरची छोटी गोल कळी दिसते, मादीच्या कळीतून दोन पांढरे केसर निघालेले असतात. पानासाठी लावलेल्या शेतात नर वेळेत उपटले नाहीत तर सगळं झाड बियाकडे वळतं आणि औषधी द्रव्याचं प्रमाण घसरतं. पराग वाऱ्यावर काही किलोमीटर जातात, त्यामुळे शेजारचं परवान्याचं बियाण्याचं शेत किंवा नाल्याकाठची रानटी झाडंसुद्धा तुमचं पीक बिघडवू शकतात.

टीएचसीच्या रेघेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की खत-पाणी आवरलं तर टीएचसी आटोक्यात राहतं. सीबीडी (झाडातलं नशा न आणणारं औषधी द्रव्य) आणि टीएचसी यांचं गुणोत्तर वाणात ठरलेलं असतं आणि दोन्ही पिकण्याबरोबर वाढतात. चांगल्या सीबीडी वाणात ते साधारण २५ ला १ असतं. म्हणजे टीएचसी ०.३ वर ठेवायचं तर सीबीडी ७.५ टक्क्यांच्या वर जाणारच नाही. १५ टक्के सीबीडीचं आणि ०.३ च्या आतलं बियाणं विकतो म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर मांडून दाखवायला सांगा. शेतात उपाय एकच: फुलोरा सुरू झाल्यापासून दर आठवड्याला वरच्या शेंड्यांचा नमुना, आणि आकडा ०.२५ च्या जवळ आला की कापणी. पूर्ण पिकण्याची वाट पाहणारा अख्खं शेत जाळायला लावतो.

वाळवण आपल्याकडे ऑक्टोबरात येते. दुपारी ऊन कडक, रात्री दमट. शेडमध्ये टांगून ठेवलेलं पीक बाहेरून कुरकुरीत आणि आत ओलं राहतं, गोणीत भरलं की घाम सुटतो आणि राखाडी बुरशी येते. १५ ते २१ अंश तापमान, ५० ते ६० टक्के आर्द्रता, संथ हवा, सात ते चौदा दिवस, आणि शेवटी ओलावा १० ते १२ टक्के. डीह्युमिडिफायरशिवाय हे जमत नाही, आणि तो विकत घेतला तरी वीज गेल्यावर चालवायला जनरेटर हवा. ओल्या चार-पाच किलोंचे वाळून एक किलो होतात, हा हिशेब धरूनच खोलीचा आकार ठरवा.

कलम १४ च्या परवान्यावर बियासाठी पीक घेतलंत तर मळणीनंतर ताडपत्रीवर दोन ढीग होतात. एक बियाचा. तो खुला माल. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ पासून हेंपचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्य केलं आहे, आणि ओलावा ८-९ टक्क्यांवर आणला तर बी टिकतं, नाहीतर तेल खवट होतं. दुसरा ढीग भुशाचा, बोटांना चिकटणारा, तीव्र वासाचा. फळावर आलेल्या शेंड्यांची ती टरफलं आहेत, म्हणजे कायद्याच्या भाषेत गांजा. हा ढीग बांधावर टाकून देणं, जनावरांना घालणं, मजुराने पोतंभर घरी नेणं, यातलं काहीही चालत नाही. मळणी होताच तो वजन करून कुलपात ठेवा. परवान्यात नाव असलेल्या अधिकाऱ्याला लेखी कळवा, त्याच्या आणि दोन पंचांच्या समोर जाळा किंवा कंपोस्टात चुन्यासकट पुरा, आणि पंचनाम्यावर तारीख, वजन, खसरा नंबर आणि सह्या घेऊन एक प्रत बॅचच्या फाईलीत लावा. बियाचं बिल फाडण्याआधी ही प्रत फाईलीत असली पाहिजे.